शेवटची खुर्ची

"त्या खुर्चीवर बसू नका," कोणीतरी हळूच म्हणालं. "तिथं बसणारा सगळ्यांच्या शिव्या खातो."

मी वळून पाहिलं. पत्ते पिसत एक उंच, चष्मेवाला माणूस माझ्याकडे बघून हसत होता.

"मग तिथंच बसते," मी म्हणाले आणि बसले.

२०१५ची चिनी नववर्षाची सुट्टी होती. सिंगापुरात दुकानं बंद, म्हणून दरवर्षीप्रमाणे बिशानमधल्या सुलेखाआत्याच्या फ्लॅटमध्ये मराठी मंडळी जमली होती. पैसे लावायला आत्याची सक्त मनाई, त्यामुळे शेजाऱ्यांनी भेट दिलेली संत्रीच पणाला लागत. खेळ ब्लॅकजॅकचा. पानं वाटणाऱ्यापेक्षा एकवीसच्या जवळ जायचं, एकवीसच्या पुढे गेलात की बाद. राजा-राणीचे दहा धरायचे, आणि वाटणारा स्वतःचं पान शेवटच्या खुर्चीनंतर ओढतो. पानं वाटत होता तो चष्मेवाला. नाव राजस, राहायला सेरंगूनला, नोकरी बँकेत.

तिसऱ्याच डावात माझे बारा झाले. राजसचं उघडं पान तिर्री. मी आणखी एक पान मागितलं... बदामचा राजा! बावीस, मी बाद. राजसने झाकलेली राणी उलटली, तेरा झाले. मग पुढचं पान ओढलं तर अठ्ठी. एकवीस! सगळ्यांची संत्री त्याच्याकडे गेली.

"मेधा!" आत्या कडाडली. "तू तो राजा घेतला नसतास तर त्याला गेला असता, तो बाद झाला असता. सगळ्यांचं वाटोळं केलंस. सवयच आहे तुला!"

शेवटचं वाक्य पत्त्यांबद्दल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी साखरपुडा मोडला आणि त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीची, गार्गीची, स्थळं परत जातात, असं पुण्यापासून बिशानपर्यंत सगळ्यांचं ठाम मत होतं. माझे कान तापले.

"काकू," राजस म्हणाला, "पुढचं पान यांना दिसत नव्हतं. तिर्रीसमोर बारा असतील तर पान घेणंच बरोबर. आधी अठ्ठी आली असती तर यांचे वीस झाले असते, मी राजा ओढून बाद झालो असतो आणि तुम्ही यांना पेढा भरवला असता. शेजाऱ्याच्या पानाने आपला डाव जितका बिघडतो, तितकाच सुधारतो."

"तुम्ही बोलूच नका," मी त्याच्यावरच उखडले. "बरोबरी झाली तरी संत्रं तुमचं, हा नियम कोणी केला? यांचं नुकसान मी नाही करत, तो नियम करतो!"

"हे... खरंय." त्याने नियम तिथल्या तिथे बदलला.

निघताना लिफ्टपाशी त्याने एक संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"इथे एकटं संत्रं देत नाहीत," मी म्हणाले. "जोडीनं देतात, दोन्ही हातांनी."

"दुसरं पुढच्या वर्षी. तोवर ओळख ठेवाल ना?"

ठेवली. क्लेमेंटीत माझ्या भाड्याच्या खोलीजवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर आम्ही चहा प्यायला भेटू लागलो. पाऊस आला की याची छत्री नेमकी घरी राहिलेली! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. डिसेंबरात एकदा तो कप फिरवत म्हणाला, "माझा... घटस्फोट झालाय."

"माझा साखरपुडा मोडलाय," मी म्हणाले. "बरोबरी."

आम्हाला लग्न करायचंय, असं घरी सांगितलं आणि आभाळ कोसळलं. आई फोनवर रडली, "गार्गीचं होईपर्यंत तरी थांब." हे ऐकून राजसने मान खाली घातली.

"थांबूया मग. तिचं नुकसान नको."

मला असा राग आला! "शेजाऱ्याच्या पानाने डाव बिघडत नाही म्हणाला होतास ना?"

"घर म्हणजे पत्ते नाहीत, मेधा."

"नाहीत. पत्त्यांत निदान तू माझी बाजू घेतली होतीस." आणि मी उठून चालू लागले.

रात्री गार्गीला फोन केला, तर ती माझ्याहून भडकलेली. "ताई, तुझ्यावरून मला नाकारणारे मला नकोच आहेत. माझी पानं मी खेळेन. माझं नाव पुढे करून कोणी थांबायचं नाही!"

पुन्हा नववर्ष, पुन्हा तेच टेबल. राजस पत्ते पिसत होता. आम्ही तीन आठवडे बोललो नव्हतो.

"तू आज नुसतं बघ," आत्या मला सोफा दाखवत म्हणाली.

मी शेवटच्या खुर्चीवर बसले. "आत्या, ठरलेलं लग्न मोडलं तरी मी चुकले, केलं तरी मीच चुकणार. हा नियम मला मान्य नाही. माझं राजसवर प्रेम आहे. त्याला थांबायचं असेल तर त्याने खुशाल थांबावं. मी थांबणार नाही."

खालून लायन डान्सचा ढोल ऐकू येत होता.

राजसने पत्ते खाली ठेवले. टोपलीतलं एक संत्रं उचललं, टेबलाला वळसा घालून आला आणि ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"मागच्या वर्षी राहिलेलं," तो म्हणाला. "चुकलो मी. काकू, मी मेधाशी लग्न करतोय. याच वर्षी."

"अरे, पण गार्गीचं काय?"

"तिला विचार," मी म्हणाले. "नंबर देऊ?"

आत्या त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मीही खुर्ची सोडली नाही. सगळ्यांनी संत्री पणाला लावली. मी माझं तिथेच सोललं आणि अर्धं राजसला दिलं.