वीस डॉलरची पावती

"हे वीस डॉलर मी भरलेच नाहीत," मर्ना क्विल्टी पावती टेबलावर ठेवत म्हणाली. "पण भांडायचं त्राणही नाही. उद्या हप्त्यांच्या करारावर सही करून मोकळी होते."

तिचा फोन थरथरला. तिने तो न बघताच पालथा घातला. वसुलीवाल्यांच्या धास्तीने सहा वर्षं ती फोन उचलतच नव्हती.

मर्ना उत्तर किनाऱ्यावरच्या बर्नी गावात, कारखान्यात बटाटे निवडायची. नवऱ्याच्या आजारपणात काढलेलं कर्ज नवऱ्यामागे उरलं होतं, अकरा हजार. सही केली की आठवड्याला नव्वद डॉलर जाणार, म्हणजे गाडी विकणं आलं. आणि गाडी नाही, तर पहाटेची पाळी नाही.

गेल ट्रिफिटने पावती उचलली. ती पूर्वी वसुलीतच होती. आता खाजगी तपास करते.

"सहा वर्षं काही भरलं नाही, कुठे सही केली नाही, तर दावा चालत नाही," तिने नॉर्मला समजावलं. नॉर्म बेसविक हा तिचा सोबती, निवृत्त ट्रकवाला, डोक्याने सावकाश. "आज ती मुदत संपलेली असती. पण संपायला दोन आठवडे असतानाची ही पावती. मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

पावतीवर लिहिलं होतं: सोमवार, सहा नोव्हेंबर, बर्नी कार्यालय, रोख.

"त्या दिवशी रजेवर होतात?" गेलने विचारलं.

"रजा? सहा वर्षांत एक मागितली नाही, बाई."

"तुमच्या भावाने भरले असतील," नॉर्म म्हणाला.

भाऊ क्लाइव्ह गॅरेजात सापडला. "मी कुठून भरू? माझीच उधारी फिटेना. सहा तारखेला माझा वाढदिवस. मर्नाला घेऊन दिवसभर पेंग्विन गावच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसलो होतो. मासा नाही की केक नाही, बेकरीही बंद."

"भावाबहिणीचा शब्द कोण धरणार?" बाहेर येताच नॉर्म पुटपुटला.

वसुलीचं कार्यालय बाजारपेठेच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली जिन्याच्या वाटेला शटर, त्यावर पाटी: सार्वजनिक सुट्टीला बंद. नॉर्म जिन्याला शिव्या घालत चढला.

वसुलीवाला ड्रू पास्को गोड बोलायचा. "त्या दिवशी मी मुद्दाम होबार्टहून आलो होतो. बाई इथे आल्या, वीसची नोट दिली, मी हाताने पावती लिहिली. उद्या सही करा म्हणावं, अकराचे सात करतो."

दुसऱ्या दिवशी ड्रूच्या कार्यालयात मर्नाने पेन हातात घेतलं. गेलने ते हळूच काढून घेतलं.

"ड्रूसाहेब, नोव्हेंबरचा पहिला सोमवार आम्हा उत्तरेवाल्यांच्या सुट्टीचा. तुम्हा दक्षिणेतल्या होबार्टवाल्यांना ती नसते, तुमची फेब्रुवारीत, होड्यांच्या शर्यतींची. म्हणून रजा न घेता मर्ना किनाऱ्यावर होती. म्हणून बेकरी बंद. आणि खालचं शटरही. इमारतीच्या रखवालदाराची वही काल बघितली. त्या दिवशी कुलूप निघालंच नाही."

ड्रूने कराराचे कागद मागे ओढले.

"पण मला संशय आधीच आला होता. पावती खरी असती, तर मुदत आपोआप वाढली असती. मग सहीसाठी चार हजार सोडता कशाला?"

"अरे हो," नॉर्म म्हणाला. "मला हे काल का नाही सुचलं?"

ड्रूने कपाळ चोळलं. "वरून दर महिन्याला आकडे मागतात, बाई."

"माहीत आहे. मीही द्यायचे." गेलचा आवाज थकलेला होता. "अशी एक पावती मीही लिहिली होती. त्या माणसाने सही केली. आता हे प्रकरण बंद झाल्याचं पत्र लिहा."

त्याने लिहिलं. गेलने ते दोनदा वाचून पर्समध्ये ठेवलं. जिंकल्याचा आनंद तिला झाला नाही.

जिन्यात मर्नाचा फोन वाजला. सवयीने तिने तो पालथा धरला.

"उचला की आता," नॉर्म म्हणाला.

मर्नाने भीत भीत फोन कानाला लावला. कारखान्याचा मुकादम होता. उद्या माणसं कमी आहेत, पहाटे चारला येणं जमेल का?

मर्ना भिंतीला टेकली. डोळे पुसायला तिला थोडा वेळ लागला.

"येते," ती म्हणाली. "गाडी आहे माझ्याकडे."