टेकडीवरचा मिस्ड कॉल

फिफी पहिल्यांदा आमच्या कॉलेजच्या रेडिओवर आला तो त्याच्या आजोबांच्या निधनाची बातमी द्यायला. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती, आणि मी... मी सकाळपासूनच दमले होते. आजोबांचं नाव, गाव, एकेका नातवंडाचं नाव मी माइकवर वाचत होते, तेवढ्यात वीज गेली. स्टुडिओ बॅटरीवर कसाबसा तग धरायचा, पण टेकडीवरचा ट्रान्समीटर गप्प झाला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता काही नाही. वर जाऊन जनरेटर लावायला माणूस नाही आमच्याकडे."

"म्हणजे आमचे आजोबा अर्धेच वारले?"

हसू नये अशा बातमीवर मी हसले. तो धुळीतून टेकडी चढून गेला, आणि आजोबा एकदाचे पूर्ण वारले. तेव्हापासून ती टेकडी त्याच्याच गळ्यात पडली.

स्टुडिओत ऐकायला ठेवलेला रेडिओ केव्हाच बिघडला होता. त्यामुळे माझा आवाज बाहेर पोचतोय की नाही, हे फिफीच्या मिस्ड कॉलवरूनच कळायचं. फोन एकदा थरथरला तर चालू, दोनदा थरथरला तर बंद. मिस्ड कॉल उचलायचा मात्र नाही, हा आमच्याकडचा पक्का शिष्टाचार. उचलला तर समोरच्याचे पैसे जातात आणि तो आठवडाभर ऐकवतो. माझ्या बटणांच्या फोनचा पडदा तर आंधळाच झालेला. कोणाचा फोन ते दिसायचं नाही, मी आपली नुसती थरथर मोजायची.

खाली आला की तो माझ्याशेजारी बसून पँटला चिकटलेली कुसळं काढायचा.

"बघ, मॅडम अराबा. एकेक कुसळ तुझ्यासाठी सोसलंय."

"माझ्यासाठी नाही, कॉलेजसाठी."

"कॉलेज मला केंकी खाऊ घालतं का?"

मग माझ्या केंकीतला मक्याच्या पिठाचा अर्धा गोळा आणि जवळजवळ सगळा मासा त्याच्या पोटात जायचा. मला काहीतरी सांगायचं असायचं... पण नेमकं तेव्हाच काही ना काही बिघडायचं.

शेवटी प्राचार्यबाई मिसेस अक्वा यांनीच हात टेकले. हा रेडिओ कोणी ऐकत नाही, नुसतं डिझेल जळतं, शुक्रवारी कुलूप लावू, असं त्यांनी सांगून टाकलं. त्याच आठवड्यात फिफीला राजधानीतल्या, अक्रातल्या एका रेडिओ स्टेशनवरून बोलावणं आलं. रेडिओच नसेल तर मी टेकडीवर शेळ्या वळू का, असं तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी म्हटलं, "जा ना, अडवलंय कोणी?" म्हटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

शुक्रवारी बाजारभावाच्या कार्यक्रमात पुन्हा वीज गेली. फिफी वर गेला. मी टेबलावरच्या फोनवर हात ठेवून बसले. फोन थरथरला... थांबला... पुन्हा थरथरला.

दोनदा. म्हणजे बंद.

शेवटच्या दिवशीही बंद. मला उठवेना. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून समोरच्या माइकलाच सांगितलं.

"फिफी, मी थकले रे. रेडिओ वाचावा म्हणून मी रोज इथे बसते, असं सगळ्यांना वाटतं. खोटं आहे ते. तू टेकडी उतरून येतोस... ती तुझी मेली कुसळं काढत बसतोस... त्यासाठी बसते मी. अक्राला जा म्हटलं ते नुसतं तोंडाने. जाऊ नकोस. जाऊ दे, आता कोण ऐकतंय."

"आम्ही ऐकतोय, पोरी!" फाटकाशी रेडिओ लावून केंकी विकणारी मामी एकुआ खिडकीबाहेरून ओरडली. तिच्या मागून कोळणींच्या हसण्याचा लोंढाच आला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली थरथर फिफीची होती. दुसरी माझ्या ताकोराडीच्या मावशीची असणार, जिने जन्मात कधी स्वतःच्या पैशाने फोन केलेला नाही. मी एक गाणं लावलं, मग दुसरं, आणि तोंड ओंजळीत लपवलं. धरणीने पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं.

थोड्या वेळाने मिसेस अक्वा आल्या आणि थकल्यासारख्या खुर्चीत बसल्या. ऑफिसातला फोन वाजायचा थांबत नाही म्हणाल्या. तो मुलगा राहतोय की जातोय, एवढंच अख्ख्या गावाला हवंय.

"कोणी ऐकत नाही, हे मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "पुढचं सत्रभर चालवा. डिझेलचं बघते मी. आणि अराबा... घरगुती बातम्या यापुढे घरीच."

त्या गेल्या आणि फोन थरथरला. एकदा. मी सवयीने हात मागे घेतला. पण फोन थांबेना. थरथरत, टेबलाच्या कडेकडे सरकत राहिला. मी हिरवं बटण दाबलं.

"उचललास एकदाचा," फिफीला धाप लागली होती.

"पैसे जातायत तुझे."

"जाऊ देत. मी इथेच राहतोय, अक्रा काही कुठे पळून जात नाही. माइक बंद केलास का?"

मी दोनदा बघितलं. "केला."

"मग आता पुन्हा सांग. मला एकट्याला."