बिनसाखरेचं भांडण

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात साखरेचा डबा होता आणि समोर माझी चाळीस किलो फळं. डबा रिकामा होता.

"हे... हे काय केलंत?"

"फ्रूट सॅलड," तो म्हणाला आणि पातेल्यात पळी फिरवली. वर साय, खाली पाक, मध्ये काळी पडलेली केळी.

मी या हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ. दुपारी बारा वाजता मधुमेहाचं शिबिर होतं, अडीचशे माणसं येणार होती. बिस्किटांऐवजी ताजी फळं द्यायची, हे मी महिनाभर एकेकाशी भांडून मंजूर करून घेतलं होतं. आणि आता सकाळचे आठ वाजले होते.

"मधुमेहाच्या पेशंटना साखर? डोकं ठिकाणावर आहे का? कॅन्टीनवाले काका कुठेत?"

"मामाचा पाय मुरगळलाय. मी त्यांचा भाचा, कालच आलोय. आणि आवाज जरा खाली. मला ऐकू येतं."

माझा राग सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक आहे. मेट्रन 'शांत हो गं बाई' म्हणतात, वॉर्डबॉय 'मिरची आली' म्हणून पांगतात. पण आवाज खाली...? हे मला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"साखर घालायला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मोठ्या साहेबांनी. 'गोड करा, लोकांनी नाव काढलं पाहिजे.' शिबिर कसलं विचारलं, तर म्हणाले, तुम्ही फळं कापा." त्याने पळी आपटली. आता तोही तापला होता. "मला काय स्वप्न पडणार? ओरडायचं तर ओरडा, मॅडम, पण टेम्पोत बसून ओरडा. बाजारात नऊनंतर चांगला माल राहत नाही."

मी टेम्पोत बसले. अख्खा रस्ता ओरडले. तो गिअर बदलत 'हं' म्हणत होता, आणि त्या 'हं'चा मला जास्त राग येत होता.

बाजारात मी कलिंगडाला हात घातला.

"ठेवा ते. पाणी सुटेल, बारापर्यंत सूप होईल."

"मला शिकवू नका. पेरू घ्या, भरपूर."

"म्हाताऱ्या माणसांच्या दातात बिया अडकतात."

"मग बियांचा गर काढा."

"अडीचशे माणसांसाठी?"

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं – चांगलं दोन क्षण. डोळे तपकिरी होते. उगाचच दिसले मला. "काढतो," तो म्हणाला, शिवी दिल्यासारखा.

पण काढला! परत आल्यावर कॅन्टीनच्या दोन मावश्या सोलायला बसल्या, आणि आम्ही दोघं समोरासमोर चाकू घेऊन. आधी सफरचंद आणि पेरू, लगेच लिंबू पिळून बर्फावर. मग पपई, थोडंसं अननस. केळी तर नकोच, यावर मात्र आमचं एकमत झालं, आणि दोघांनाही ते आवडलं नाही. तो संत्र्याच्या फोडी सोलायचा तेव्हा पांढरा धागासुद्धा ठेवत नव्हता. एवढा मोठा, दणकट हात... आणि फोड फाटत नव्हती.

"काय बघताय?"

"चाकू कसा धरलाय ते बघतेय. चुकीचा."

"खोटं."

माझ्या हातातलं डाळिंब फुटलं. पांढऱ्या कोटभर लाल शिंतोडे! त्याने ओला रुमाल पुढे केला – मग थांबला, आणि माझ्या हातात दिला. तेवढ्या थांबण्यानेच माझे कान तापले. शी! मला तर त्याचा राग आला होता.

अकराला मोठे साहेब आले. पाकाचं पातेलं बाजूला दिसताच भाच्यावर घसरले. "मधुमेहाच्या शिबिरात साखर? अक्कल गहाण ठेवलीस का? असली माणसं ठेवणार असेल तर तुझ्या मामाला सांग, कॅन्टीन दुसऱ्याला देतो!"

सकाळपासून मला शब्दाला शब्द देणारा हा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

मला ते बघवेना.

"साहेब, साखर तुम्ही सांगितलीत. शिबिर कसलं तेही विचारलं होतं त्यांनी. आणि नवी फळं माझ्या सहीने आलीत. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

साहेबांचा चेहरा डाळिंबासारखा झाला. "तुमच्याशी नंतर बोलतो," म्हणत ते तरातरा गेले.

मी वळले. वाटलं, आता आभार मानेल...

"कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" तो दबक्या आवाजात कडाडला. "मामाचं काम गेलं म्हणजे? मी गप्प होतो ते काय घाबरून?"

"मग खाऊ द्यायच्या होत्या शिव्या?"

"हो! माझ्या होत्या त्या!"

"सकाळी मी दिल्या त्या पुरल्या नाहीत?"

मावश्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. आम्ही रागारागाने पुदिना खुडला आणि अडीचशे वाट्या भरल्या.

वाट्या वीस मिनिटांत रिकाम्या झाल्या. एका आजींनी दोनदा येऊन विचारलं, "खरंच साखर नाही यात?" त्यांचा डॉक्टर मुलगा साहेबांचा हात दाबत म्हणाला, "पुढच्या वर्षीही कॅन्टीनकडूनच करून घ्या." साहेबांनी माइकवर सगळं श्रेय स्वतः घेतलं. कॅन्टीन मात्र वाचलं.

"सोमवारी मामा येतोय," मागे भांडी विसळताना तो म्हणाला. "मी परत जाईन. माझ्या कामावर."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"मग कधी सांगायचं होतं? आठ वाजता, की सव्वाआठला?"

"जा मग! अडवलंय कुणी?"

मी जिना चढून वर गेले. कोट काढला, पर्स घेतली. आणि तशीच पाय आपटत खाली आले. तो तिथेच उभा होता, हातात ओली वाटी.

"ऐका," मी म्हटलं. "आजपर्यंत सगळ्यांनी मला गप्प केलं. तुम्ही... तुम्ही माझ्याशी भांडलात. मला पुन्हा भांडायचंय. सोमवारनंतरसुद्धा."

त्याने वाटी हळूच ठेवली. "रोज?"

"आवाज खाली करणार नाही मी."

"नका करू," तो म्हणाला. मग अगदी सावकाश, "मला आवडतो तो... आठ वाजल्यापासून."

त्याने दोन खुर्च्या ओढल्या. मी वहिनीला फोन लावला, जेवायला थांबू नकोस म्हणून सांगितलं.

"का गं? पुन्हा कुणाशी भांडलीस?"

"हो," मी म्हटलं. तो समोर माझ्यासाठी पेरू कापत होता, बिया काढून. "अजून संपलेलं नाही."