मधल्या अंतराचा चष्मा

"हे कोणी आणलं घरात?"

एक्स्टेन्शन बोर्ड शोधायला म्हणून सूनबाईच्या नवऱ्याने आपल्या वारलेल्या आईचं कपाट उघडलं, आणि तिच्या जुन्या शालींच्या मागून तो काळा खोका बाहेर आला... व्हिडिओ गेमचा कन्सोल! दोन कंट्रोलर, वायरींचं भेंडोळं, सगळं काही. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा वायरीला धरून त्याने तो हॉलच्या मधोमध उंच धरला. दोन दिवस राहायला आलेली नणंद चहाचा कप ओठांशी नेता नेता थांबली. लेक छकुली अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली. आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत हेडसर, म्हणजे सूनबाईचे सासरे, पेपर वाचत होते. निदान पेपर तोंडासमोर होता. पान काही उलटत नव्हतं, नुसत्या कडा थरथरत होत्या, आणि ते थरथरणं फक्त सूनबाईला दिसत होतं.

कारण तिला ठाऊक होतं, तो कन्सोल कोणाचा ते.

काही महिन्यांपूर्वी हेडसरांनी तिच्याकडे नवा चष्मा मागितला होता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला; फ्रेम दाखवायची, काचा बसवून झाल्या की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसवून द्यायची. "वाचायचा आहे माझ्याकडे, लांबचाही आहे," हेडसर म्हणाले होते, "मला मधल्या अंतराचा हवाय." मधल्या म्हणजे केवढ्या, असं तिने विचारलं तेव्हा ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "इथून टीव्हीपर्यंत." ती हसली आणि तिने चष्मा करून आणला. मग एका दुपारी दुकानातली वीज गेली, मालकाने लवकर सोडलं, आणि लॅचच्या किल्लीने दार उघडून ती आत येते तो काय... सगळ्या शाळेला ज्यांच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने घाम फुटायचा ते हेडसर खुर्चीच्या टोकाला बसून, दातांत जीभ धरून, पडद्यावरच्या समुद्रात एक इवलीशी पोस्टाची होडी हाकत होते! या बेटावरची पत्रं त्या बेटावर न्यायची, वाटेत वादळं, खडक... तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सूनबाई, त्याला सांगू नकोस," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "माझ्याच पेन्शनमधून आणलाय गं. पण त्याला सांगू नकोस... तुला ठाऊक आहे ना सगळं?"

तिला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवसांत नवऱ्याने तिला सांगितलं होतं. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या मामाने त्याला असाच एक गेम भेट दिला होता. हेडसरांनी जिन्यात सगळ्या बिऱ्हाडांतली मुलं गोळा केली, 'हे पोरं बिघडवणारं यंत्र आहे' म्हणून भाषण ठोकलं, आणि सर्वांच्या देखत तो गेम वरच्या मजल्यावरून खाली भिरकावला. "त्याचे तुकडे मलाच गोळा करायला लावले," हे सांगताना त्या बाप्या माणसाचा आवाज कापत होता. तेव्हापासून त्याने वडिलांकडे कधी काही मागितलं नाही, आणि मनातलं काही सांगितलंही नाही. घरात बाप-लेक एकमेकांशी बोलायचे ते बिल भरलं का, औषध घेतलं का, एवढंच.

"इथं होडी बुडाली तरी कोणी ओरडत नाही गं," हेडसर त्या दुपारी म्हणाले होते. "पुन्हा सुरू करता येतं. मी जन्मभर पोरांना नापास करत आलो... मला माहीतच नव्हतं असं काही असतं."

सासूबाई गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता. सूनबाईचं हृदय विरघळलं. ती त्यांच्या शेजारी बसली, दुसरा कंट्रोलर घेतला, आणि पहिल्याच लाटेला तिने होडी बुडवली. हेडसर खदखदून हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत! मग तिच्या सुट्टीच्या दुपारी, नवरा कामावर आणि छकुली शाळेत असली की, दोघं खेळायला बसायची. तिलाही मजा यायची, ते खोटं कशाला सांगा? त्या घरात तिच्याशी मनापासून हसणारं दुसरं होतं तरी कोण!

आणि आता तो खोका हॉलच्या मधोमध लोंबकळत होता.

"मी विचारतोय, कोणी आणलं?"

पेपरच्या कडा जोरात थरथरल्या. सूनबाईने एकवार त्या पेपरकडे पाहिलं... आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मी आणला."

"तू? पैसे कुठले?"

"माझ्या पगारातले."

"वा वहिनी!" नणंद म्हणाली. "पोरगी मोठी होतेय, आणि आई गेम खेळतेय!"

या सगळ्याला त्याग वगैरे म्हणून तिची पाठ कोणाला थोपटायची असेल तर त्याने खुशाल थोपटावी. खरी गोष्ट साधी होती. तिला वाटलं होतं, हे खोटं संध्याकाळपर्यंत पुरवायचं आहे. संध्याकाळी बाबा मुलाला जवळ बोलावतील, 'अरे, तो माझा आहे' म्हणतील, जुनं सगळं एकदाचं धुऊन निघेल, आणि घर मोकळं होईल. संध्याकाळ झाली. बाबांनी चहा घेतला, बातम्या ऐकल्या, आणि मूग गिळून झोपायला गेले.

एकदा उघडलेला कन्सोल तो विकणाऱ्या दुकानदाराने परत घेतला नाही. मग नवऱ्याने तो मुद्दाम टीव्हीखाली मांडून ठेवला. आल्यागेल्याला दाखवायला! "हे आमच्या बाईसाहेबांचं खेळणं," तो म्हणायचा, आणि पाहुणे हसायचे. तिचं बँकेचं कार्ड त्याने काढून घेतलं. भाजी आणायची तर त्याच्यापुढे हात पसरायचा. छकुलीला शाळेच्या सहलीला जायचं होतं, तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या आईला विचार, तिने पैसे कशात उडवले ते." त्या पोरीने आईकडे अशा नजरेने पाहिलं की सूनबाईला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

आणि मग कोर्स. दुकानाचा मालक तिला म्हणाला होता, एक वर्षाचा कोर्स कर, मग आत बसून नंबर काढायचं काम तुझंच. आतली ती खोली, भिंगं बदलताना बसायची ती उंच खुर्ची, 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' असं गिऱ्हाइकाला विचारणं... तिने हे किती वर्षं मनात धरून ठेवलं होतं! जेवताना तिने विषय काढला. नवऱ्याने घास खाली ठेवला.

"ज्या बाईला स्वतःच्या पैशाची अक्कल नाही, तिच्या कोर्सवर मी पैसे घालू? बाबा, तुम्हीच सांगा हिला."

हेडसर ताटाकडे पाहत होते. सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. आता... आता तरी!

"तू म्हणशील ते," हेडसर म्हणाले.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. दुसऱ्या दिवशी हेडसर हळूच तिच्यामागे येऊन उभे राहिले. "बोलेन मी त्याच्याशी... योग्य वेळ येऊ दे." ती भांडं घासत राहिली. "बाबा, योग्य वेळ गेली," एवढंच म्हणाली. त्यानंतर सुट्टीच्या दुपारी ती त्यांच्याबरोबर खेळायला कधी बसली नाही. पण त्यांचं नावही तिने सांगितलं नाही. आता सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं असतं? हेडसर आणि गेम! तिच्यावरच आणखी एक खापर फुटलं असतं, म्हाताऱ्या माणसावर आळ घेतल्याचं.

कोर्सला दुकानातली दुसरी मुलगी गेली. ती परत आली आणि आतल्या खोलीत बसली. सूनबाई बाहेर चष्मे पुसत राहिली.

असं दीड-दोन वर्षं चाललं, आणि एका सकाळी हेडसर बाथरूममध्ये कोसळले. पक्षाघात! वाचा गेली, उजवा पाय गेला. हॉस्पिटलच्या लांबलचक वॉर्डात ते छताकडे पाहत पडून राहायचे, आणि त्यांचे हात मात्र पांघरुणावर सतत काहीतरी करत असायचे. "कंप आहे, असतो असा," नर्स म्हणाली.

भेटीच्या वेळेत नवरा उशाशी बसला होता. सूनबाई चमच्याने त्यांना पाणी पाजत होती. नवरा बराच वेळ त्या हातांकडे पाहत राहिला. डावा अंगठा हळूहळू गोल फिरत होता. उजवा मात्र अडखळत एकाच जागी आपटत होता, टक, टक... आणि दोन्ही तर्जन्या काहीतरी दाबत होत्या. बारा वर्षांच्या मुलाने थोडे दिवस का होईना, पण जीव ओतून जे केलं होतं ते त्याचे अंगठे विसरले नव्हते.

"हा कंप नाहीये," तो पुटपुटला. "हे... बाबा खेळतायत."

सूनबाईची नजर पाण्याच्या भांड्यावरच राहिली. चमचा मात्र तिच्या हातात थांबला.

"तो गेम बाबांचा होता?" त्याचा आवाज चिरकला. "बोल ना! बाबांचा होता?"

"हो."

"मग तू... एवढी वर्षं... का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगायचं होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला विचारलंत कधी? तुम्ही फक्त ओरडलात."

हेडसरांच्या डोळ्यांच्या कडांतून पाण्याच्या धारा लागल्या. दुसऱ्या दिवशी मुलाने घरून कंट्रोलर आणून त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो सगळं बळ एकवटून मुलाच्या छातीकडे ढकलला. घे... तुझा घे! मुलगा त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. शेजारच्या खाटांवरच्या माणसांचेही डोळे ओले झाले. सूनबाई पाण्याचं भांडं घेऊन पायथ्याशी उभी होती. तिच्याकडे त्या वेळी कोणी वळून पाहिलं नाही.

हेडसर घरी आले. आणि मग काय, त्या खोक्याचे दिवसच पालटले! डॉक्टर म्हणाले, बोटांना चांगलं आहे. संध्याकाळी बाप-लेक शेजारी बसून होडी हाकू लागले, हसू लागले. पाहुणे आले की नवरा कौतुकाने सांगायचा, "बाबांनी स्वतः आणलाय बरं का, या वयात!" कालपर्यंत जी उधळपट्टी होती ती आज हौस झाली होती. सूनबाईने आणला नव्हता, एवढं वाक्य मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी नणंद पुन्हा आली. पडद्याकडे पाहत म्हणाली, "काही म्हण दादा, वस्तू मजेची आहे. पैसे अगदी वसूल झाले!"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

सगळे वळले. हेडसर बोलत होते. एकेक शब्द जिभेवरून ओढून आणत होते.

"पैसे... माझे. किंमत... तिनं... भरली."

"बाबा, दमू नका..."

"गप्प!" जुन्या हेडसरांचा आवाज क्षणभर परत आला. "मी... भित्रा. ती... कोर्स... माझ्यामुळे..." आणि त्यांनी सूनबाईकडे पाहून हात जोडायला घेतले. डावा हात उचलला गेला. उजवा अर्ध्यातच मांडीवर पडला. एकटा डावा हात तसाच हवेत राहिला.

ती धावली, तो हात तिने दोन्ही हातांत धरून खाली घेतला, आणि ती ढसाढसा रडली. छकुली मागून येऊन आईच्या पाठीला बिलगली. या वाक्याची तिने किती वाट पाहिली होती! आणि आता ते आलं होतं तर त्याचं करायचं काय, हेच तिला कळेना.

स्वयंपाकघरात नवऱ्याने ओट्यावर तिचं कार्ड ठेवलं. मान खाली घालून म्हणाला, "मला माफ कर. उद्या दुकानात कोर्सचं विचार ना... मी भरतो पैसे."

"त्या खुर्चीवर दुसरी बसते आता. चांगली आहे मुलगी. मला ताई म्हणते."

"आपण... पुन्हा पहिल्यापासून सुरू करू या?"

"ते गेममध्ये असतं हो," ती म्हणाली. तिने कार्ड उचललं, पर्समध्ये टाकलं, आणि पर्स खांद्याला लावूनच बाहेर आली.

हेडसरांचा चष्मा नाकावरून घसरला होता. तिने तो काढला, रुमालाने पुसला, दुकानात करते तशी नाकावरची पकड अंगठ्याने जरा आत दाबली आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर बसवला.

"दिसतंय का बाबा नीट?"

"दिसतंय," ते म्हणाले. मग शब्द जुळवत, "उशिरा... दिसलं."

तिने शेजारच्या खुर्चीवरचा कंट्रोलर उचलला आणि त्या जागी बसली. नवरा दारात उभा होता, नणंद कप हातात घेऊन बसली होती. पडद्यावर पोस्टाची होडी धक्क्याला लागलेली होती. सूनबाईने ती समुद्रात घातली, आणि पहिल्याच लाटेला होडी बुडाली.

या वेळी कोणी हसलं नाही.