अकराव्या होलवरचा तांबडा ठिपका

ही गोष्ट खरी आहे. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे, आणि माझ्या साडूला कल्पनाशक्ती नाही.

हे मी निंदा म्हणून नाही, पुरावा म्हणून सांगतोय. चौतीस वर्षं तो पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढत होता. पाइप आहे तिथे रेघ, नाही तिथे कोरा कागद. अशा माणसाला काही दिसलं, तर ते असतं असं धरून चालावं.

आणि रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. जागा त्याच्या घरातली जेवणाची खोली. खिडकीशी त्याचा जुना ड्रॉइंग बोर्ड असतो, तिथेच सगळं घडलं.

साडू, एक निवृत्त मास्तर, एक केमिस्ट आणि एक दातांचे डॉक्टर असे चौघे दर वर्षी समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर गोल्फ खेळायला जायचे. चांगले खेळायचे असं कोणी म्हणणार नाही. मास्तरांचा चेंडू गवतापेक्षा झाडीत जास्त राहायचा. डॉक्टर प्रत्येक फटक्याआधी चेंडूवर वाकून म्हणायचे, "आ करा."

सहलीची आखणी साडूकडे. तो मैदानाचा मोजूनमापून नकाशा काढायचा, ट्रेसिंग पेपरवर. प्रत्येक फटक्याच्या वेळी कोण कुठे उभं होतं, ते त्यावर रंगीत पेन्सिलीने टिपायचा. स्वतः तांबडा, मास्तर हिरवे, केमिस्ट निळा, डॉक्टर तपकिरी.

गेल्या वर्षीच्या नकाशावर तपकिरी ठिपके अकराव्या होलपाशी संपतात.

अकराव्या होलचा गवताचा पट्टा कड्याच्या काठाने जातो. डॉक्टर चेंडू शोधत काठाशी गेले आणि पायाखालची माती सुटली. खाली खडक होते.

मास्तर आणि केमिस्ट टेकाडाच्या पलीकडे होते. पोलिसांनी साडूला विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

साडूने नकाशा पुढे केला. तांबडा ठिपका होलच्या झेंड्याजवळ, काठापासून दीडशे पावलांवर. इतका सुबक नकाशा बघून साहेबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

डॉक्टरांच्या बायकोने एकच विचारलं. "भावोजी, शेवटी त्यांच्याजवळ कोणी होतं का हो?"

"कोणी नव्हतं, वहिनी," साडू म्हणाला, आणि त्यांनाही तो ठिपका दाखवला.

तो ठिपका खोटा होता.

चौतीस वर्षांत त्याने काढलेला एकमेव खोटा ठिपका.

हे साडूखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही.

यंदा सहलीची वेळ आली. तिघं फोनवर बोलायला बसले.

"दुसरीकडे कुठे बघू या का?" साडूने विचारलं.

"कशाला? तिथल्या झाडांची आणि माझी आता ओळख झालीय," मास्तर म्हणाले.

"आपण दुसरीकडे गेलो तर डॉक्टर शोधत बसतील," केमिस्ट म्हणाला. हसलं कोणी नाही. तोच पुढे म्हणाला, "नकाशा गेल्या वर्षीचाच गिरव. समुद्र काय सरकला नसेल."

म्हणून त्या मंगळवारी साडूने जुना नकाशा कपाटातून काढला, बोर्डावर पसरला, चार टोकांना चिकटपट्टी लावली.

आणि पेन्सिल उचलली ती तशीच राहिली...

झेंड्याजवळ तांबडा ठिपका नव्हता.

तिथे खोडल्याचा पांढुरका डाग होता.

ठिपका काठावर होता. तपकिरी ठिपक्यापासून चार पावलांवर.

जिथे तो खरोखर उभा होता, बरोब्बर तिथे.

"माझ्या कागदांना हात कोणी लावला?" त्याने आत ओरडून विचारलं.

"तुझ्या कागदांना हात लावायची माझी काय टाप आहे?" माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्न झालं तेव्हाच बजावलं होतंस."

साडूने खोडरबर घेतलं, काठावरचा ठिपका पुसला, झेंड्याजवळ पुन्हा काढला. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात.

बुधवारी चार वाजता कुलूप उघडलं.

ठिपका काठावर होता.

या वेळी तीन पावलांवर.

गुरुवारी साडू नकाशासमोर खुर्ची टाकून बसला. दोनपासून नजर हलवली नाही. पावणेचारला मेहुणी दुकानात गेली. घरात कोणी नाही. नळ टपकत होता, तोही थांबला.

पाठीमागे काहीतरी सरकल्यासारखं झालं. त्याने मान वळवली. काही नव्हतं. मान वळवून परत आणायला किती वेळ लागतो?

तेवढ्यात आवाज आला...

खस्... खस्... खस्...

खोडरबराचा आवाज. साडूने तो आयुष्यभर ऐकलाय, चुकणार नाही.

बोर्डावर रबराचा ताजा भुगा होता. आणि वास होता... लवंगतेलाचा. डॉक्टरांच्या बोटांना यायचा तो.

तांबडा ठिपका तपकिरी ठिपक्याला टेकला होता.

साडूने नकाशा गुंडाळला आणि तसाच, घरातल्या चपलांवर, डॉक्टरांच्या घरी गेला.

वहिनींनी दार उघडलं. काही न विचारता आत घेतलं. टेबलाशी बसवलं.

"वहिनी, मी खोटं बोललो. मी तिथे होतो."

"किती जवळ?"

"चार पावलांवर. माती सुटली तसे ते ओरडले, हात दे म्हणाले. मी धावलो, पण..." साडूने नकाशाची गुंडाळी टेबलावर ठेवली. "हात पोचला नाही. घाबरलो होतो. लोक काय म्हणतील म्हणून ठिपका लांब काढला."

वहिनींनी गुंडाळी उघडलीही नाही.

"पोचला नाही?"

"नाही."

"मग ते का म्हणतात, पोचला होता म्हणून?"

"कोण म्हणतं?"

वहिनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या. तिच्यापुढे चहाचा कप होता.

निम्मा प्यालेला. वाफ येत होती...

"एकटे नव्हते, एवढं कळलं. बरं झालं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, साडूला त्याचीच जास्त भीती वाटली. "तुम्ही जा यंदा, भावोजी. ते म्हणत होते, चौघं मिळून जाऊ."

हे सगळं साडूने मला माझ्या घरी बसून सांगितलं. मी आयुष्यभर लोकांची टर उडवत आलोय, पण त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. शेवटी मी विचारलं, "खरं सांग. हात पोचला होता का?"

त्याने उजवा हात टेबलाखाली घेतला.

"आधी धरला होता," तो म्हणाला. "मग मीही सरकायला लागलो."

"जाऊ नकोस तिकडे."

"नाही गेलो तर ते रोज येतील. वहिनींकडे येतात तसे."

तो गेला. मास्तर आणि केमिस्टला यातलं काही सांगितलं नाही, मलाही शपथ घातली.

आज सकाळी त्याचा फोन लागेना म्हणून मी रिसॉर्टवर फोन केला. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती.

"ते दोघं मघाशीच मैदानावर गेले," ती म्हणाली.

"दोघं म्हणजे? त्याच्याबरोबर कोण, मास्तर की केमिस्ट?"

"नाही, ते दोघं तर इथे नाश्ता करतायत. तुमचे साडू आणि त्यांचे ते दुसरे मित्र. समुद्राच्या बाजूने गेले." मग जरा हसली. "एकमेकांचा हात घट्ट धरून चालले होते. या वयात अशी मैत्री बघून बरं वाटतं."

मी तिला म्हटलं, धावत जा, कोणाला तरी पाठवा, अकराव्या होलवर.

ती "बघते" म्हणाली.

त्याला आता दीड तास झाला. मी फोनजवळ बसलोय.