अकरा वाजून वीस मिनिटांचा फोटो

दारव्ह्यात हाडांचा दवाखाना चालवायचा तर हाडांपेक्षा कागदच जास्त जोडावे लागतात. विमा कंपनीचा नकार आला की अपील मी स्वतः लिहिते. कधी एक्स-रे पुसट असतो, कधी कुणाची सही राहिलेली असते. रामीबाईंचा नकार मात्र वेगळाच होता: 'रुग्ण दाखल नव्हता. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या तपासनिसाला ती घरी भेटली. फोटो जोडला आहे.'

रामीबाई बोरी अरबजवळच्या तांड्यातल्या, साठीच्या. ऑटो उलटून दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली. चौदाला मी उजव्या मांडीचं ऑपरेशन केलं. या नकारामुळे डावीची मंजुरी अडली, आणि ती मांडीही लवकर झाली नाही तर बाई पुन्हा कधी उभ्या राहणार नव्हत्या.

फोटोत त्या उभ्या होत्या. घराच्या दारात, वर्षभराच्या नातीला कडेवर घेऊन. हाताला आमची सलाइनची सुई, तिच्या पट्टीवर माझ्या अक्षरात तारीख.

अकरा वीसला त्या माझ्या टेबलावर पूर्ण भुलीत होत्या. हाडात स्क्रू मीच बसवत होते.

तपासनीस सुनील नेरचा. त्याला बोलावून चांगला झापायचा माझा बेत होता. तो आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"पत्ता पाहाले गेलतो, मॅडम. सांभाळनारी शेजारीन पान्याले गेलती. पोरगी रांगत चुलीपाशी पोचली. मी आंगनातून ओरडलो, पन माह्याच्यानं पोचनं झालं नसतं. ह्या बाईनं घरातून येऊन उचललं तिले."

"चालत आल्या?"

"चांगल्या चालत."

मी त्याला वॉर्डात नेलं. रामीबाईंच्या डाव्या पायाला वजन टांगलेलं होतं. त्याला पाहून त्या ओशाळल्या.

"चहा राह्यला तुमचा त्या दिवशी, साहेब. घाईत होती मी."

सुनीलनं दारातूनच हात जोडले. मग माझ्या टेबलाशी बसून त्यानं लिहून दिलं: 'फोटोतली व्यक्ती रुग्णच आहे, याची खात्री मी देऊ शकत नाही.' अक्षर वाकडंतिकडं आलं.

"नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ द्या. पोरगी वाचली ना."

विमा कंपन्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या; त्या दिवशी त्यांच्याच माणसाला मनापासून हात जोडले. अपिलात त्याचा कागद, भुलीची नोंद, एक्स-रे, सगळं लावलं. सुईच्या पट्टीबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही.

नवव्या दिवशी मंजुरी आली. रामीबाईंची सून शीला माझ्या पाया पडली. "तुमच्यामुळं याडी उभी राहीन, मॅडम." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. माझेही डोळे भरून आले.

दुसऱ्या सकाळी रामीबाईंना टेबलावर घेतलं.

"किती वेळ लागन, बाई?"

"दोन तास."

"बस झाले," त्या समाधानानं म्हणाल्या. "शीला तं इथंच हाय. घरी पोरगी उठली असन आता."

आणि त्यांनी डोळे मिटले. श्वास संथ झाला.

भूल अजून द्यायची होती.