सहा निळी तिकिटं

"हात लावू नकोस, ऊना!"

हेडली ट्रेन्चर्ड यांचा आवाज ऐंशीव्या वाढदिवसाच्या सकाळीही तसाच कडाडला, आणि टेबलावरची वही बाजूला सारायला पुढे गेलेला ऊनाचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. चोपन्न वर्षांची बाई ती! लॉन्सेस्टन गावातल्या निम्म्या मुलींना तिने गणित शिकवलेलं, तिच्या एका नजरेने अख्खा वर्ग चिडीचूप होई... पण त्या तीन शब्दांनी ती क्षणात तेरा वर्षांची होऊन जाई.

"टेबल पुसायचं होतं, बाबा."

"पुस की! वही मी उचलतो."

त्या वहीत सहा पाकिटं होती. बाबांचे पणजोबा जोसाया ट्रेन्चर्ड वसाहतीच्या विधानसभेत निवडून येऊन राजधानी होबार्टला गेले, तेव्हा पणजीने डेलोरेनच्या शेतावरून त्यांना धाडलेली. आठ वर्षांत तीन मंत्रिमंडळं पाडणारा हा गृहस्थ! गावच्या टपाल तिकीट संग्राहक मंडळातली मंडळी त्याच्याविषयी अशी बोलत, की जणू तो मागच्याच गल्लीत राहतो आणि कालच कुणाशी तरी भांडून आलाय. पण सहाही पाकिटांचा उजवा कोपरा रिकामा होता. तिथे उरला होता फक्त काळ्या गोल शिक्क्याचा अर्धा तुकडा. उरलेला अर्धा ज्या निळ्या तिकिटांवर होता, ती तिकिटंच नव्हती.

एके काळी बाबांच्या त्या तिकिटांच्या खोलीत दोन खुर्च्या असत. रविवारी चर्चहून आलं की बाप-लेक शेजारी बसत, आणि शिक्क्यावरची बारीक तारीख वाचायचा मान ऊनाचा असे. "माझे डोळे म्हणजे ऊना!" बाबा येईल त्याला कौतुकाने सांगत. त्या सुखाची आठवण जरी झाली, तरी ऊनाचं मन आजही भरून येई!

मग आई गेली. त्याच हिवाळ्यात सात वर्षांच्या नेटीने, ऊनाच्या धाकट्या बहिणीने, ती सहा पाकिटं कोमट पाण्याच्या परातीत सोडली. शाळेतल्या सगळ्या मुली पाकिटं भिजवून तिकिटं सोडवत आणि वहीत लावत. पण शंभर वर्षांपूर्वीचं पाकीट तसंच अख्खं ठेवायचं असतं, हे त्या लेकराला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोणी केलं हे?" ओली पाकिटं हातात घेऊन बाबा दारात उभे होते. आईमागे दोन महिने मुकी झालेली नेटी त्याच आठवड्यात कुठे दोन शब्द बोलू लागली होती. तिचे ओठ थरथरले, मूठ घट्ट आवळली गेली... आणि ऊना पुढे झाली.

"मी केलं, बाबा. तिकिटं चुलीत टाकली."

बाबांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं! त्यांनी मुकाट्याने तिची खुर्ची उचलली आणि मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. एकेचाळीस वर्षं झाली, त्या खुर्चीवर जिरेनियमच्या कुंड्या उभ्या होत्या. आणि एकेचाळीस वर्षं दर रविवारी ऊना त्या खोलीच्या दाराशी चहाचा ट्रे ठेवून मागे फिरत होती.

दुपारी नेटी होबार्टहून आली ती थेट स्वयंपाकघरात. काखेत खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ऊना पाव्हलोव्हा केकवर घालायची साय घुसळत होती.

"ऊना, बाबा पाकिटं मला देणार आहेत. आज, सगळ्यांसमोर. पत्रात काय लिहिलंय माहितीये? 'ज्या हातांनी कधी काही बिघडवलं नाही, त्या हातांत.' वाचून माझ्या घशाखाली घास उतरेना गं!"

"मग घे की. चांगली पाकिटं आहेत."

"मी आज सांगणार आहे."

"खबरदार!" ऊना एकदम वळली. "ऐंशीचे झालेत ते. चार माणसांत त्यांना खाली मान घालायला लावशील? माझं काय मेलीचं... सवय झाली मला."

"कसली सवय? दाराशी चहा ठेवून पळायची?"

ऊनाने साय इतकी घुसळली की तिचं लोणी व्हायची वेळ आली.

तीन वाजता मंडळी जमली. मंडळाचे चिटणीस क्विल यांनी बशीत तिसरा लॅमिंग्टन केक घेतला, गाणं झालं, मेणबत्त्या विझल्या. हेडली उभे राहिले, वही दोन्ही हातांत धरून घसा खाकरला, आणि पत्रातलं तेच वाक्य त्यांनी मोठ्या अभिमानाने म्हटलं. ऊनाने टाळ्या वाजवल्या... सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत जोरात!

"मी नाही घेणार," नेटी म्हणाली. "बाबा, ती तिकिटं ऊनाने नाही, मी काढली होती."

हेडली हसले. "बघा, क्विल! लहानपणापासूनची खोड आहे हिची, बहिणीला पाठीशी घालायची!"

"पाठीशी तिने घातलं, बाबा! मी भित्री होते. नंतर मोठी झाले तरी भित्रीच राहिले!" नेटीला हुंदका आवरेना. तिने खाकी कागद टराटरा फाडला आणि आतली शाळेची जुनी वही बापापुढे उघडली.

पानावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'माझी तिकिटं. नेटी ट्रेन्चर्ड, इयत्ता दुसरी.' खाली पातळ कागदी पट्ट्यांनी चिकटवलेली सहा निळी तिकिटं, आणि त्यांवर छापलेल्या सहा तरुण राण्या!

हेडलींनी चिमटा मागितला. एक तिकीट अलगद सोडवलं, पहिल्या पाकिटाच्या रिकाम्या कोपऱ्यावर टेकवलं, जरासं सरकवलं... आणि पाकिटावरचा अर्धा शिक्का तिकिटावरच्या अर्ध्याला जाऊन मिळाला. गोल पुरा झाला. क्विल यांचा लॅमिंग्टन हातातच राहिला.

"ऊना..." म्हाताऱ्याने चिमटा खाली ठेवला. "का गं, पोरी?"

"ती नुकती बोलायला लागली होती, बाबा. पुन्हा मुकी झाली असती तर?"

"पणजोबा सभागृहात चार-चार तास बोलायचा. आणि तू एकेचाळीस वर्षांत एक वाक्य बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत," ऊना हळूच म्हणाली. इतक्या वर्षांत तिची हीच एक तक्रार.

"नाही विचारलं. खोटा शिक्का मी दहा पावलांवरून ओळखतो, अशी फुशारकी मारत फिरलो जन्मभर! आणि माझ्याच घरात..." ते तसेच तडक मागच्या दाराने बाहेर गेले.

व्हरांड्यात कुंड्या गडगडल्याचा आवाज आला. एक तर फुटलीच. क्विल मदतीला उठले, तशी बाहेरूनच आरोळी आली, "बसा हो, क्विल! केक खा!" आणि हेडली आत आले. नव्या कोटावर माती, खांद्यावर जिरेनियमची पाकळी आणि पोटाशी ती खुर्ची! त्यांनी ती आपल्या खुर्चीला खेटून ठेवली आणि हातरुमालाने स्वतः पुसली.

"बस. तारीख वाच."

ऊना बसली. डोळ्यांतलं पाणी पुसून तिने भिंग धरलं. "दिसत नाहीये हो... माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिलाय."

"घे माझा! माझे डोळे म्हणे!"

सगळे हसले. नेटी रडता रडता हसली. बापाचा चष्मा नाकावर चढवून ऊनाने वाचलं, "डेलोरेन. नऊ मार्च, अठराशे त्रेसष्ट."

"बरोबर! आता चिकटव."

क्विल यांना ठसका लागला. "अहो, हेडली! सुटलेलं तिकीट परत चिकटवलं तर पाकीट प्रदर्शनातून बाद होतं. हा नियम तुम्हीच केलाय!"

"मग बाद करा! आधी मला करा, अध्यक्ष मी आहे." हेडलींनी वही ऊनाच्या पुढ्यात सरकवली. ऊनाचा हात सवयीने मध्येच थबकला. तिने बापाकडे पाहिलं.

"हात लावू, बाबा?"

"दोन्ही लाव गं," हेडली म्हणाले, आणि डिंकाची बाटली शोधायला लागले.